झाडाला टेकलेलं माणूस

केरबा गव्हाणे, जिनिंगवर रात्रपाळीचे वॉचमन,
यांनी काउंटरवर रुमालाची गाठ सोडली.
आत तळहाताएवढं खेळायचं यंत्र,
डाव्या बटणाचा रंग अंगठ्यानं खाल्लेला.
शनिवार बाजारात वजनावर घेतलं म्हणाले,
दोन पान्हे अन् पंख्याच्या कंडेन्सरसोबत.
"वरीस झालं खेळायलो. सगळं जपानी हाय.
खेळणं कळतं, बोलणं कळत नाही.
मराठी करून देता का?"

नानलपेठेत तेरा वर्षं दुकान आहे.
पाण्यात पडलेले फोन येतात, विसरलेले पासवर्ड येतात.
भाषा बदलून मागणारा हा पहिलाच.

कंपनीचं कुलूप होतं. ते काढायची फाइल सापडली
आणि तिच्या पोटात एक ताकीद:
मधेच वीज गेली, तर यंत्राची वीट होईल.
बॅटरी आधीच पुरीसारखी टम्म.
आपल्याकडे साडेअकराला जाते.
शेजारच्या मुक्तदीरकडे झेरॉक्सचा इन्व्हर्टर मागितला.
"ले जाव," म्हणाला, "उत्ती देर की चाय तेरी."

पट्टी सरकत गेली. त्र्याऐंशीवर थांबली.
पंखा मंदावला, मग पात्यांना नावं ठेवता येतील इतका थांबला.
इन्व्हर्टर एकदा किंचाळला: आहे मी.
त्र्याऐंशी.
आजवर मला कशाकशाचा वीट आला
ते सगळं त्या मिनिटात समोर आलं,
आणि मी म्हणालो, ते सगळे राहू देत,
ही एक वीट नको.
चौऱ्याऐंशी.

मग सात रात्री मुलीच्या गणिताच्या वहीत
सोळा चौकटी उंच, सोळा रुंद
एकेक अक्षर काळं करत बसलो.
जोडाक्षर यंत्राला पेलेना.
पहिली वेलांटी दिली की ती
पुढच्याच्या अंगावर जाऊन कोसळे.
तेव्हा जोडाक्षराविना, पहिल्या वेलांटीविना
जेवढी मराठी उरते तेवढ्यात भागवायचं ठरवलं.
बरीच उरते.
'विकल्प निवडा' गेलं, 'काय पायजे' आलं.
'समाप्त'च्या जागी 'डाव मोडला'.
हरल्यावर 'जाऊ दे', आणि त्याखाली
'आणखी एकदा बघ की'.
पहिल्या पडद्यावर लिहिलं: केरबा, परभणी.
दोघेही नीट बसले.
विश्वंभर मात्र बसेना,
माझं नाव त्या यंत्रात मावतच नाही.

केरबांनी मोठ्यानं वाचलं, दोनदा वाचलं,
पैसे मोजले, वर पेढा दिला.
तिसऱ्या दिवशी पुन्हा दारात.
"ते झाडाला टेकलेलं माणूस कुठं गेलं?"
कोणतं माणूस?
काउंटरच्या धुळीत त्यांनी बोट फिरवलं.
एक तिरपी, एक उभी: हे माणूस.
एक आडवी, एक उभी, दोन्हीकडं फांद्या: हे झाड.
"दोनचा राउंड मारून आलो की मी ते दाबायचो.
पडदा झोपायचा. मी बी
गाठींच्या कडंला लिंबाला पाठ लावायचो.
आता तिथं थांब म्हणायलंय.
कुणाला? मी थांबलेलाच असतो की रातभर."

जुनी फाइल उघडली. अक्षर शोधलं, अर्थ शोधला.
विसावा.
माणूस आणि झाड, तिकडे तो असाच लिहितात.
मला तो शब्द सुचला होता त्या रात्री,
पण विसाव्याला पहिली वेलांटी लागते,
म्हणून 'थांब' टाकून मी पुढं सरकलो होतो.

केरबांना काही बोललो नाही.
वही काढली. सोळा उंच, सोळा रुंद.
सहा रेघा परत नेऊन ठेवल्या
आमच्या सगळ्या मराठीच्या मधोमध.

त्यांनी यंत्र डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं.
"झाड जरा वाळलंय," म्हणाले.

मी खोडाला एक ठिपका वाढवला.